ग्लोरिया मोलिना ग्रँड पार्क, लॉस एंजेलिस

लॉस एंजेलिस काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, कारभार पाच निर्वाचित पर्यवेक्षकांचे मंडळ पाहते आणि काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस लाख लोक येतात. या मंडळावर १९९१ मध्ये निवडून आलेल्या ग्लोरिया मोलिना या पहिल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या महिला, सदस्य होत्या, आणि २०१४ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्याआधी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत आणि १९८७ मध्ये शहराच्या नगरपरिषदेतही त्यांनी हाच पहिला मान मिळवला होता. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये तुरुंग उभारण्यास त्यांनी केलेला विरोध मला त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांनी नेटाने पाठपुरावा केलेले हे बारा एकरांचे उद्यान २०१२ मध्ये खुले झाले आणि २०२३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, त्याला त्यांचे नाव मिळाले. म्युझिक सेंटरपासून सिटी हॉलपर्यंत उतरत जाणाऱ्या या जागेतील भडक गुलाबी बाके आणि खुर्च्या लांबूनच नजरेत भरतात. वरच्या टोकाला जुने कारंजे नव्याने सजवले असून त्यालगतच्या उथळ पाण्यात मुले मनसोक्त भिजतात. मधून रहदारीचे रस्ते जात असल्याने लहान मुलांना घेऊन सलग फिरता येत नाही, ही उणीव खरी. तरीही सरकारी कचेऱ्यांच्या गर्दीत विनामूल्य बसायला मिळणारी अशी जागा मी प्रत्येकाला आवर्जून सुचवेन. भुयारी मेट्रोचे स्थानक अगदी लागूनच असल्याने गाडी आणण्याची गरज नाही.