जुना रिग, एफटी८ आणि एक प्रश्न: दोन वायरी की यूएसबी डबा?

हॅम रेडिओचा रिग (रेडिओ संच) जुना आहे, मागे यूएसबी नाही आणि एफटी८, म्हणजे कॉम्प्युटरच्या आवाजातून छोटे डिजिटल संदेश पाठवायचा प्रकार, सुरू करायचाय, अशांसाठी हे. आयकॉम ७३००सारखा रिग असेल तर साउंड कार्ड त्याच्या पोटातच आहे, एक केबल लावा आणि मोकळे व्हा.

बाकीच्यांपुढे दोन वाटा. एक तर लॅपटॉपच्या ऑडिओ जॅकमधून रिगला दोन वायरी आणि ट्रान्समिट व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की रिग आपोआप प्रक्षेपण सुरू करतो. नाहीतर स्वतःचं साउंड कार्ड आणि पीटीटी (ट्रान्समिट चालू-बंद करायचा स्विच) असलेला यूएसबी इंटरफेसचा डबा.

मी वायरींपासून सुरुवात केली. एमजी रोडवरून जॅक आणि शिल्डेड वायर आणली, लेव्हल उतरवायला मधे दोन रेझिस्टर टाकले, रात्रीत जोडणी तयार. खर्च म्हणाल तर दोन मिसळींचा. इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवरचा डायपोल अँटेना आणि २० वॉट, एवढ्यावर ७.०७४ मेगाहर्ट्झवर पहिल्याच आठवड्यात इंडोनेशिया मिळालं. म्हणजे वायरी चालत नाहीत असं अजिबात नाही.

पण व्हॉक्सला माणूस कळत नाही, आवाज कळतो. एका संध्याकाळी माझी ऐकायची पाळी चालू होती आणि रिगचा ट्रान्समिटचा लाल दिवा लागला. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता, "टँकर उशिरा येईल". व्हॉट्सअ‍ॅपचं ते 'टिंग' थेट बँडवर! लाजच वाटली. मग नोटिफिकेशन बंद करायची सवय लावून घेतली. पण लॅपटॉप घरात एकच. मुलगा क्लासचे व्हिडिओ बघून गेला की सगळं पुन्हा चालू, आणि ते माझ्या लक्षात यायचं लाल दिवा लागल्यावरच. शिवाय चार्जर लावला की हम (ऑडिओत गुणगुण) यायची, तिच्यामागे दोन रविवार गेले.

शेवटी यूएसबी डबा घेतला. त्याला पैसे पडतात, ड्रायव्हर कधीकधी रुसतो, आणि एएलसी (जास्तीचा ऑडिओ आपोआप दाबणाऱ्या सर्किटचं मीटर) हलणार नाही इतपत ऑडिओ ठेवायची कटकट तिथेही आहेच. घड्याळ सेकंदाच्या आत जुळवणंही दोन्हीकडे सारखंच. हम मात्र माझ्याकडची गेली, आतल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमुळे (तो दोन्हीकडचा थेट विद्युत जोड तोडतो) असावी.

नुसती चव घ्यायची असेल तर महिनाभर वायरींवर काढा, काही बिघडत नाही. लॅपटॉप फक्त रेडिओसाठीच असेल तर कदाचित पुढेही त्याच पुरतील. माझ्या घरी तसं नाही. डब्याचं साउंड कार्ड वेगळं, म्हणून टँकरचा निरोप आता लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजतो, तो ऐकून बायको मोटर लावायला उठते आणि माझा सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) चालू राहतो.