आई-बाबांसाठी सुपर टॉप-अप: कर्वे रस्त्यावरील एका विमा सल्लागार कार्यालयाचा अनुभव

बाबा बँकेतून निवृत्त झाले असून निवृत्त कर्मचाऱ्यांच्या समूह विम्यातून त्यांना आणि आईला मिळून ४ लाख रुपयांचे संरक्षण आहे. अतिदक्षता विभागात आठ-दहा दिवस काढावे लागले तर पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात ही रक्कम पुरत नाही, म्हणून त्यावर सुपर टॉप-अप पॉलिसी, म्हणजे ठरावीक रकमेच्या (वजावटीच्या) वरचा खर्च देणारी पॉलिसी, घ्यायचे आम्ही ठरवले. बाबांचे वय ६८, आईचे ६४. कर्वे रस्त्यावरील एका ब्रोकर संस्थेच्या कार्यालयातून ही पॉलिसी घेतली. तेथील सल्लागार बाईंनी दोघांच्या प्रकृतीची माहिती ज्या काळजीने विचारली, तपासली आणि कागदावर आणली, त्याबद्दल मुख्यतः लिहायचे आहे, कारण ज्येष्ठांच्या विम्यात पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते.

हे मला काकांच्या प्रकरणातून कळले. त्यांनी काही वर्षांपूर्वी एका एजंटाकडून आरोग्य विमा घेतला होता. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे त्यांनी आपणहून सांगितले, तेव्हा "ते लिहू नका, उगाच मेडिकल लागेल आणि हप्ता वाढेल" असे उत्तर मिळाले आणि अर्जातील सर्व रकान्यांत 'नाही' भरले गेले. तिसऱ्या वर्षी काकांना पक्षाघात झाला. रुग्णालयात दाखल करताना काकूंनी डॉक्टरांना खरे तेच सांगितले आणि केसपेपरवर 'आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब' अशी ओळ उमटली. त्या ओळीच्या आधारे दावा फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. अर्जावर सही काकांची होती. एजंटाने काय सांगितले याची नोंद कुठेही नव्हती.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पूरक विमा विकतो. तिथे वयाची ६५ वर्षे पूर्ण होऊन मेडिकेअरचा 'भाग बी' सुरू झाला की पहिल्या सहा महिन्यांत पूरक विमा कंपनीला प्रकृतीच्या कारणावरून नकार देता येत नाही. ती मुदत संपल्यावर मात्र बहुतेक राज्यांत आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते आणि अर्जदाराने कोणती औषधे घेतली हे कंपन्या विक्रीच्या वेळीच नोंदींवरून पडताळून पाहतात. आपल्याकडे तशी सहा महिन्यांची सवलत नाही आणि जुने कागद बहुधा दाव्याच्या वेळीच बाहेर येतात. त्यामुळे त्याने मला एकच खूण सांगितली होती: औषधांची यादी मागण्याआधी जो हप्ता सांगेल, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नकोस.

या कार्यालयात पहिल्या फोनवरच "येताना दोघांची चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून आणा, नुसती नावे लिहून आणू नका" असे सांगण्यात आले. बाईंनी गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर एकेक करून मांडल्या. बाबांनी "मला बीपी आणि थोडी शुगर, बाकी काही नाही" असे सांगितले होते. रक्तदाबाची पट्टी निघाली, शुगरची मेटफॉर्मिन निघाली आणि मग इकोस्प्रिन ७५ ची, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची, पट्टी निघाली. "काका, ही कधीपासून घेता, आणि कोणी दिली?" या प्रश्नावर बाबा जरा वेळ गप्प बसले. मग २०१९ मध्ये छातीत दुखल्यामुळे एक रात्र रुग्णालयात काढली होती आणि अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत किरकोळ अडथळा दिसला होता, हे आठवले. बाबांनी काही लपवले नव्हते. स्टेंट बसला नाही म्हणजे हृदयविकार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. घरी येऊन कपाटातल्या फायलीतून तेव्हाचे डिस्चार्ज कार्ड आम्ही शोधून काढले. त्या एका गोळीवर बाई थांबल्या नसत्या तर काकांच्या बाबतीत घडले तेच आमच्याही घरात घडले असते, असे मला आजही वाटते.

मी बाईंना एक शंका विचारली होती. आधीपासूनच्या आजाराच्या व्याख्येत पॉलिसीच्या आधीची ३६ महिन्यांचीच माहिती पाहतात, मग २०१९ चे का लिहायचे? त्यांचे उत्तर स्पष्ट होते. ती व्याख्या प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, कोणत्या आजाराला लागेल हे ठरवण्यासाठी असते. अर्जात 'कधीही' असा शब्द असेल तर उत्तरही कधीपासूनचे असेल ते द्यायचे. शिवाय गोळी आजही चालू आहे, म्हणजे उपचारही चालूच आहेत. "पाच वर्षे हप्ता भरला की कंपनीला काही विचारता येत नाही" हे एजंटांचे नेहमीचे वाक्यही मी त्यांच्यासमोर ठेवले. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ ९६ महिन्यांवरून ६० महिन्यांवर आला हे खरे आहे, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला त्यात संरक्षण नाही, आणि दुसऱ्याच वर्षी आजारपण आले तर त्या ६० महिन्यांचा काय उपयोग, असे त्यांनी विचारले.

त्यांनी केलेले आणखी एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. अर्ज थेट भरण्याऐवजी त्यांनी बाबांचे कागद आधी दोन कंपन्यांच्या अंडररायटिंग (जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या) विभागांना दाखवून त्यांचे मत घेतले. रीतसर अर्ज करून तो नाकारला गेला, तर 'यापूर्वी कोणत्या कंपनीने विमा नाकारला आहे का' या प्रश्नाला पुढच्या प्रत्येक अर्जात 'होय' लिहावे लागते. एका कंपनीने अँजिओग्राफीमुळे अनुत्सुकता दाखवली, दुसरीने तपासण्या करून विचार करण्याची तयारी दाखवली. अर्ज फक्त दुसरीकडे गेला.

रक्त, लघवी आणि ईसीजी या तपासण्या सुरळीत झाल्या. त्यानंतर कंपनीच्या डॉक्टरांचा ध्वनिमुद्रित फोन येतो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे असते. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना "तब्येत कशी आहे?" असे कोणी विचारले की सवयीने "उत्तम, देवाच्या कृपेने काही त्रास नाही" हेच तोंडून निघते. बाईंनी उत्तरे पढवली नाहीत. आजार, वर्ष, औषध आणि मात्रा असा मोठ्या अक्षरांतला एक कागद दोघांसाठी तयार करून दिला आणि फोनच्या वेळी तो हातात धरून वाचायला सांगितले. बाबांनी तरीही सुरुवात "मी ठणठणीत आहे" अशीच केली, पण मग चष्मा लावून २०१९ पासूनचे सगळे क्रमाने वाचून दाखवले.

कंपनीने बाबांना मूळ हप्त्यावर २५ टक्के लोडिंग (आजारामुळे वाढीव हप्ता) लावून आणि रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार या तिघांना ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ ठेवून स्वीकारले. आईच्या थायरॉइडसाठी लोडिंग नाही. बाबांना लोडिंग मनातून लागले होते, "खरे सांगितल्याची ही शिक्षा का?" असे ते म्हणाले. त्यावर बाईंनी घाई केली नाही. लोडिंग म्हणजे कंपनीने आजार जाणून घेऊन जोखीम पत्करल्याचा लेखी पुरावा आहे, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि विचार करायला आठवडा दिला. पॉलिसी २२ सप्टेंबर २०२५ नंतर घेतल्यामुळे हप्त्यावर जीएसटी लागला नाही, तेवढाच दिलासा.

समूह विमा ४ लाखांचा आणि सुपर टॉप-अपची वजावट ५ लाखांची असल्यामुळे मधला १ लाख आम्हाला खिशातून घालावा लागेल, हेही त्यांनी सही करण्यापूर्वी लिहून दिले. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक दाव्याला वजावट वेगळी मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचे खर्च एकत्र धरतात. वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या वयात हा फरक मोठा आहे.

पॉलिसी आल्यावर त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावले. पॉलिसी परत करण्याची मुदत आता ३० दिवसांची आहे, आणि त्या काळात सोबत जोडलेल्या अर्जाची प्रत ओळीने वाचून घ्यावी असा त्यांचा आग्रह असतो. आईच्या थायरॉइडची गोळी ५० ऐवजी २५ मायक्रोग्रॅम अशी छापली गेली होती. मला ती क्षुल्लक चूक वाटली. त्यांनी त्याच दिवशी दुरुस्तीचा ई-मेल पाठवला आणि दुरुस्तीपत्र येईपर्यंत पाठपुरावा केला. कंपनीचा तक्रार कक्ष आणि नारायण पेठेतील विमा लोकपालांचे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांचे) कार्यालय, या दोन्हींचे पत्ते त्यांनी फायलीच्या आतल्या बाजूला चिकटवून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे ज्येष्ठांसाठीच्या सेवेत खटकते. सगळे काम एकट्या बाईंवर अवलंबून असल्याने एकूण पाच आठवडे लागले, आणि मधल्या दहा दिवसांत फोनला उत्तर मिळत नव्हते. रुग्णालयातून ऐन वेळी फोन करायची पाळी आली तर तो कोण उचलणार, हे मी विचारले आहे. त्यांनी एका सहकाऱ्याचा क्रमांक दिला आहे, पण त्या व्यवस्थेचा अनुभव अजून आलेला नाही.

पुढच्या मंगळवारी काकूंना तिथे घेऊन जाणार आहे. त्यांच्या गोळ्यांची पिशवी भरून ठेवली आहे. जुने डिस्चार्ज कार्ड तेवढे सापडायचे आहे.