हळदीचा मंडप एक नंबर, खुर्च्या मात्र दुसरीकडून घ्या

मे महिन्यात पुतण्याची हळद होती. घणसोली गावात, घरासमोरच्याच गल्लीत. मंडप, खुर्च्या, पंखे, जेवणाची टेबलं, भांडी असं सगळं एकाच डेकोरेटरकडून घेतलं, म्हणजे दहा ठिकाणी फोन करायला नको. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ज्याच्यामुळे मंडप उभा राहिला तो मुकादम अजून तिथेच कामाला आहे.

आधी त्या मुकादमाबद्दल. गल्ली काँक्रीटची, खड्डा खणायचा प्रश्नच नव्हता. त्याने लोखंडी पाइपांखाली पाटे टाकले आणि कोपऱ्यांना वाळूने भरलेली पिंपं बांधली. एक पिंप मातीने भरून बाजूला ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "मेढ कुठे रोवणार तुम्ही?" आमच्या घरात कुणालाच ते सुचलं नव्हतं.

पोरांनी ताडपत्री ताणल्यावर त्याने शेजारच्या गच्चीवरून बादलीभर पाणी तिच्यावर ओतायला लावलं. मधोमध फुगा आला. लगेच गटाराच्या बाजूचे पाइप वीतभर खाली घ्यायला लावले, परत पाणी ओतलं, ते सरळ गटारात गेलं, आणि मगच आतलं पिवळं कापड वर चढलं. संध्याकाळी खरंच वळीव कोसळला. धवलारीण, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, सतरंजीवर बसून धवले गात होती, तिच्या पदराला थेंब लागला नाही. वायरी पाइपाला कुठे टेकू दिल्या नाहीत, जोड सगळे हाताला न लागतील असे वर. फुटाला 18 रुपये घेतले. यापेक्षा स्वस्त देणारे आहेत, पण या कामाला 18 रुपये जास्त नाहीत.

आता खुर्च्या. 12 रुपये नग, आणि त्यातल्या बऱ्याच पाय फाकणाऱ्या. आमच्याकडची वजनदार मंडळी अनुभवी, त्यांनी आपापल्या दोन-दोन एकात एक घालून घेतल्या, त्यामुळे शेवटी खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या रांगांना कव्हर हवं म्हटलं तर पांढरी शुभ्र सॅटिनची पाठवली. हळदीला! बुकिंगच्या पावतीवर 'हळदी समारंभ' असं त्यांच्याच माणसाने लिहिलेलं. फोन केला तर ऑफिसमधले म्हणाले, दुसरी गोडाऊनमध्ये नाहीत. व्हायचं ते झालं. नंतर डिपॉझिटमधून 1800 रुपये कापले, कारण काय तर डाग. साबणात टाकल्यावर डाग लाल झाले, म्हणजे आम्ही हळदीत कुंकू कालवलं, असा त्यांचा दावा. हळदीला साबण लागला की ती लालच होते, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. वहिनींनी ऑफिसात जाऊन ते ऐकवलं, तेव्हा 1000 परत आले.

दहा वाजता नियमाप्रमाणे स्पीकर बंद केला, तर त्यांच्या पोरांना वाटलं कार्यक्रम आटोपला. शेवटची पंगत मटणावर होती आणि मागे खुर्च्यांच्या थप्प्या लागायला सुरुवात! मामा रश्श्याचा हात तसाच वर धरून ओरडले तेव्हा थांबले. त्यात पोरांचा दोष कमी, टेम्पोला पुढे दुसरीकडे जायचं होतं.

पंखे ठीक. भांडी चांगली जड होती, टोपांना कल्हई ताजी. फक्त झारे, डाव, वगराळी उतरवतानाच उजेडात मोजून चलनावर सही घ्या. परत नेताना रात्रीच्या अंधारात मोजणी होते आणि दोन डाव हमखास कमी भरतात.

गावठाणात राहत असाल तर आणखी एक विचारून घ्या: टेम्पो गल्लीत शिरला नाही तर नाक्यापासून आत आणायची हमाली कुणाची? आम्हाला ती वेगळी लागली, पावतीवर नव्हती.

डिसेंबरात धाकट्याचं लग्न आहे. मंडप यांच्याकडेच देणार, मुकादम तोच येणार असेल तर, आणि तसं पावतीवर लिहून घेऊन. खुर्च्यांसाठी कोपरखैरण्यात एक जण बघून ठेवलाय, त्याच्याकडे कव्हरं पिवळी आहेत.