कुळागर की आकेशियाची लागवड: पालापाचोळा कुठे लवकर कुजतो?

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या मिश्र बागायतीत, पोफळी, माड, केळी, मिरी, जायफळ, भिरंड (कोकम), फणस एकत्र नांदतात. केळीचे मऊ पान पाटाच्या ओलाव्यात झटपट कुजते आणि त्यातले नत्र शेजारच्या राठ झावळ्यांवरच्या बुरशीलाही मिळते. वाणी (अनेक पायांचा किडा) पाने चघळते, वाळवी लाकूड फोडते, गांडूळ उरलेले मातीत मिसळते. एक कमी पडला तर दुसरा थोडेफार सांभाळून घेतो.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या, आकेशियाखाली (ऑस्ट्रेलियन बाभळीखाली) मात्र एकच जाड, सुका थर. ही ‘पाने’ म्हणजे खरे तर चपटे झालेले देठ, लिग्निनने, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या चिवट द्रव्याने, भरलेले. झाड मुळांवाटे हवेतले नत्र बांधते, तरी पाचोळा रेंगाळतो. जांभ्यावरची धूप हा थर थोडी रोखतो, हे मान्य. पण उन्हाळ्यात आगीला आयतेच खाद्य.

तरीही नुसती जातींची संख्या मोजू नये. प्रयोगांत मिश्र पाचोळा कधी वेगाने कुजतो, कधी फरकच दिसत नाही. कोणती पाने एकत्र आली, ते महत्त्वाचे. शिवाय कुळागराला पाणी बारमाही, म्हणजे सामना तसा बरोबरीचा नाहीच. मातीपुरते विचाराल तर माझे मत कुळागरालाच. सड्यावर कुळागर होणार नाही. तिथे आकेशियापेक्षा स्थानिक झाडांची मिश्र लागवड बरी.