रेडिएटर फॅनपायी साडेआठ हजारांचा चुना

मला गाडीतलं काहीच कळत नाही असं नाही. टायर बदलतो, फ्यूज उडाला तर नवा घालतो, ऑइलची पट्टी काढून बघतो. म्हणूनच ही गोष्ट जास्त लागली. आणि घरच्यांनी सहानुभूती दाखवायची सोडून महिनाभर माझी खेचली, ते वेगळंच.

मे महिना. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झालेलं, महिन्याने दाखवायला बोलावलं होतं. माजलगावहून सातला निघू म्हणता म्हणता साडेनऊ झाले. गढीला हायवेला लागलो तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. शहागडच्या पुलावर आईने गोदावरीला हात जोडले, तिथपर्यंत सगळं ठीक, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर. पुढे एके ठिकाणी रस्त्याचं काम चाललेलं आणि वाहनं एकाच बाजूने सोडत होते. वीस-पंचवीस मिनिटं गाडी मुंगीच्या पावलांनी. एसीतून आधी कोमट, मग सरळसरळ गरम हवा यायला लागली आणि काटा लाल पट्टीकडे सरकला.

खरं म्हणजे गाडी आठ-दहा दिवसांपासून सांगत होती. मोंढ्यात गर्दीत अडकलो की एसी गार करायचा नाही, गाडी पळायला लागली की पुन्हा गार. मी समजलो गॅस कमी झाला असेल, पावसाळ्याच्या आधी भरून घेऊ. पंख्याचा विचारच डोक्यात आला नाही. गाडी ऐंशीने पळते तेव्हा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. थांबली की ते काम पंख्याकडे येतं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यालाही तोच पंखा. म्हणून थांबल्यावर गरम आणि पळताना गार असं लक्षण दिसलं तर गॅसवाल्याकडे जायच्या आधी बोनेट उघडून एसी लावायचा आणि पंखा फिरतो का ते बघायचं. एवढं एक मी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी गाडी कडेला घेतच होतो तेवढ्यात एक पोरगा मोटरसायकल आडवी लावून म्हणाला, “काका, गाडी लई तापायलीय. वाफ निघायलीय पुढनं. थोडं पुढं मिस्त्री हाय, लगीच करून देतो.” वाफबिफ काही निघत नव्हती. पण काटा डोळ्यासमोर, बाजूला ऑपरेशन झालेली आई, बाहेर बेचाळीसचं ऊन. देवच भेटला असं वाटलं. तो पोरगा पुढे आणि आम्ही मागे. गॅरेज कुठल्या गावापाशी ते लिहीत नाही.

तिथे पहिल्यांदा एका हेल्परने फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. त्याला मीच ओरडलो. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल झालं की उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. मिस्त्री हसून म्हणाला, “काकांना समजतंय बरं का.” ह्या एका वाक्याने मी निम्मा खिशात गेलो.

मग त्याने इंजिनाकडे बघून मान हलवली. “हेड गॅस्केट गेलं असंल तर पंचवीस हजार धरा.” माझ्या पोटात गोळा. हे गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील. ते गेलं की ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, पाण्यात बुडबुडे येतात. ह्यातलं त्याने काहीएक तपासलं नाही, ऑइलची पट्टीसुद्धा बाहेर काढली नाही. पंचवीस हजार ऐकवून झाल्यावर पाच मिनिटांनी “काका, नशीबवान आहात, नुसती फॅनची मोटर दिसतीय” म्हणाला, तेव्हा मला साडेआठ हजार म्हणजे सवलत वाटली.

आता त्याने मोटर तपासून कशी दाखवली ते बारकाईने सांगतो, कारण सगळी मेख तिथेच होती. पंख्याचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, त्याने सोडवला. एक तांबडी वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि तिचं दुसरं टोक मोटरीच्या एका पिनेला. काळ्या वायरीचं एक टोक मोटरीच्या दुसऱ्या पिनेला, आणि दुसऱ्या टोकाचा चिमटा रेडिएटरच्या वरच्या पट्टीला. बॅटरीचा मायनस वीतभर अंतरावर होता, पण तिथे नाही लावला. “अर्थिंग काय, बॉडीत कुठंबी मिळतं,” म्हणाला. पंखा ढिम्म. “बगा, डायरेक्ट दिलं तरी फिरंना. मोटर जळाली.” मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मान डोलावली. ती पट्टी रंगवलेली आणि रबराच्या बुशांवर बसवलेली. तिथून करंट जाणार कुठून? तशा जोडणीवर शोरूममधली नवी मोटरही फिरली नसती.

“नवीन मोटर आणायला माणूस पाठवतो, तासभर लागंल. म्हातारीला घेऊन सावलीत बसा,” म्हणाला. शेजारीच रसवंती होती. आई म्हणाली, “तू गाडीपाशी थांब, मी बसते एकटी.” मी म्हणालो, “अगं गाडी घेऊन पळून थोडाच जातोय तो?” घुंगरांच्या आवाजात आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यालो, मी डुलकीसुद्धा काढली.

परत आलो तर मोटर बसवून तयार. काळी कुळकुळीत, रंगाचा वास येत होता, आणि तो मला नव्या मालाचा वास वाटला. चावी फिरवली की लगेच पंखा भर्रकन सुरू. इंजिन तापायच्या आधीच पंखा कसा लागला, असं विचारल्यावर म्हणाला, “ऑटोमॅटिकचं झंझटच ठेवलं नाही. चावी लावली की फॅन चालू. आता बिनधास्त फिरा.” वर एका गोणपाटात गुंडाळून जुनी मोटर डिकीत ठेवली: “ही तुमची, मागनं बोलायला जागा नको.” ह्या प्रामाणिकपणावर मी इतका खूष झालो की हेल्परला पन्नास रुपये वर दिले. मोटर ७,२००, मजुरी ८००, रेडिएटरमध्ये घालायचं कुलंट ५००. हा हिशेब कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेनाने लिहिलेला. पैसे मोबाइलवरून पाठवताना समोर नाव आलं कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. तेही मी बघितलं आणि पाठवले.

वीसेक दिवसांनी पाथरीहून परत येत होतो. प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि पाठोपाठ हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेच ना. गाडी बंद केली तरी वाजतोय. रस्त्यावरचे लोक बघतात, म्हशी बिथरल्या. बोनेट उघडलं तर धूर. दहाच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढला तेव्हा हॉर्न गप्प झाला. मिस्त्रीने पंख्याला दिलेली डायरेक्ट वायर वितळून हॉर्नच्या वायरीला चिकटली होती. दहा मिनिटं उशीर झाला असता तर बोनेटसकट गाडी गेली असती.

दोरी बांधून गाडी आमच्या गावातल्या वायरिंगवाल्या चाचांकडे आणली. चाचा बोलतात कमी. जळालेली वायर हातात धरून म्हणाले, “बेटा, ही तर घरातल्या बोर्डाची वायर आहे. फ्यूज कुठंय?” फ्यूज नव्हताच. हा पंखा चालू असताना बारा-पंधरा ॲम्पिअर तरी खातो, सुरू होताना त्याहून जास्त. तेवढा भार बारीक वायरीवर, चावीच्या लाइनवरून, फ्यूज नाही, रिले (बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट सोडणारा स्विच) नाही, आणि पंखा थंड इंजिनावरही अखंड चालू. चाचांचं म्हणणं असं की अडल्या वेळी गाडी घरी पोचवायला चांगले कारागीरही फॅन डायरेक्ट करतात, पण जाड वायर आणि मध्ये फ्यूज घालून, आणि “पोचल्यावर काढा” असं बजावून.

मग ते मोटरीकडे बघत राहिले. मोटरीतून निघणाऱ्या दोन वायरींवरचा काळा रंग त्यांनी नखाने खरवडला. खालून पिवळी टेप निघाली. टेप सोडवली, आत सोल्डर केलेला जोड. “ही टेप माझी. दिवाळीत उंदरानं वायर खाल्ली होती, आठवतं?” आठवलं. गाडी तेव्हा कापसाच्या ढिगाशेजारी उभी असायची. म्हणजे मला नवी म्हणून विकलेली मोटर माझीच होती. धुतली, काळा स्प्रे मारला आणि परत बसवली. डिकीतली गोणपाटातली “माझी जुनी” मोटर काढून दाखवली तर चाचांनी नुसता तिचा प्लग वर केला: तीन पिना. माझ्या गाडीचा कपलर दोन पिनांचा. मी वीसेक दिवस दुसऱ्याच कुणाची तरी मोटर डिकीत घेऊन हिंडत होतो.

मला राग यायच्या आधी लाज वाटली. चाचा मात्र कामाला लागले, आणि त्यांनी खरा बिघाड शोधला तो बघण्यासारखा होता. डायरेक्ट वायर काढून कपलर मूळच्या जागी लावला, गाडी चालू केली, एसी लावला आणि माझं बोट फ्यूजबॉक्समधल्या फॅनच्या रिलेवर ठेवलं. टक असं बोटाला जाणवलं, पण पंखा फिरला नाही. “टक आला म्हणजे हुकूम येतोय. फिरला नाही म्हणजे हुकमाच्या पुढं गडबड.” फ्यूज काढून बघितला, शाबूत. रिले उपसला. त्याच्या पायांवर बारीक आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून येणारा करंट, ८७ वरून पंख्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे. मल्टिमीटरने ३० च्या खाचेत बारा व्होल्ट दाखवले. मग फ्यूज घातलेल्या वायरीच्या तुकड्याने ३० आणि ८७ च्या खाचा जोडल्या, आणि पंखा फिरायला लागला. म्हणजे मोटर ठीक, तिची वायर ठीक, अर्थिंग ठीक. रिलेचं टोपण उचकटलं तर आतले कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले. नवा रिले २८० रुपयांना आला. मजुरी त्यांनी दोनशे घेतली, तीही मी बळंच दिली म्हणून.

काही गाड्यांत दोन-तीन रिले असतात, हळू स्पीडला वेगळा आणि जोरात फिरायला वेगळा, तेव्हा सगळीकडे असंच सरळ निघेल असं नाही. एसी लावल्यावर पंखा फिरतो पण नुसतं इंजिन तापल्यावर फिरत नाही, अशी तऱ्हा असेल तर बहुधा मोटर आणि फ्यूज बरे असतात. टेंपरेचर सेन्सर आणि त्याच्या वायरीकडे बघावं लागतं. मोटरही खरोखर जाते, तिच्या आतले कार्बन ब्रश झिजतात. पण ती गेली हे सिद्ध करायला मिस्त्रीने आधी त्याच दोन वायरींना, त्याच चिमट्यांच्या जागी, हेडलाइटचा बल्ब लावून पेटवून दाखवावा. बल्ब पेटला आणि तिथेच मोटर फिरली नाही, तर मोटर गेली. माझ्या मिस्त्रीला मी बल्ब लावायला सांगितला असता तर त्याची पंचाईत झाली असती. हे चाचांनी सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

चाचा सगळ्यात जास्त चिडले ते मात्र कुलंटवरून. पाचशे रुपयांचं कुलंट म्हणून त्या मिस्त्रीने बोअरचं पाणी आणि थोडा हिरवा रंग घातला होता. आपल्याकडच्या बोअरचं पाणी कसलं असतं ते घरातल्या कूलरची जाळी बघितली की समजतं, पांढरा थर. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. सगळं काढून, धुऊन, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं.

रस्त्यात काटा चढला तर काय करायचं हेही विचारून घेतलं. एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या, कारण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर ओढतो. (मे महिन्यात आईला शेजारी बसवून हीटर लावून बघा म्हणजे माझी पंचाईत कळेल.) काटा तरी उतरत नसेल तर गाडी बंद करून बोनेट उघडं टाकायचं, झाकणाला हात नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं. पंख्यात बोटं घालायची नाहीत, काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक फिरतो. त्या दिवशी आम्ही झाडाखाली अर्धा तास थांबलो असतो, तर मोकळ्या रस्त्याने वाऱ्यावरच संभाजीनगर गाठलं असतं.

त्या मिस्त्रीला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, “काका, तुमची काहीतरी गफलत होतीय.” पिवळ्या टेपचं सांगितल्यावर फोन कट, नंतर उचललाच नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे मला बीड चालतं. पण पक्कं बिल नाही. हातात आहे ते कॅलेंडरचं पान, मोबाइल शॉपीच्या नावावर गेलेले ८,५०० आणि चाचांची साक्ष. अर्ज लिहून ठेवलाय, पेरणी उरकली की जातो.

तीन पिनांची ती मोटर अजून माझ्याकडे आहे. पंख्याच्या एका पात्याला तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका आहे आणि प्लगची कडी तुटून तिथे सुतळी बांधलेली आहे. चाचांनी बॅटरीला जोडून बघितली, चांगली फिरते. शहागड ते संभाजीनगर रस्त्यावर कुणाची “जळालेली” मोटर बदलली असेल आणि ही खूण ओळखीची वाटत असेल, तर माजलगावला येऊन घेऊन जा.