हायड्रॉलिक क्लच: मास्टरची किट टाकून बरेच महिने वापरल्यावर (आणि एका टोपीबद्दल)

क्लचच्या मास्टर सिलिंडरची किट (आतली नवी रबरी सीलं) टाकली त्याच आठवड्यात लिहिणार होतो पण म्हटलं राहू दे, नव्याचे नऊ दिवस असतात. आता उन्हाळा, घाट, कासवगतीचा ट्रॅफिक सगळं होऊन गेलंय.

पेडल दाबलं की मास्टर ब्रेक ऑईल ढकलतो आणि त्या दाबाने स्लेव्ह सिलिंडरचा रॉड बाहेर येऊन क्लच सोडवतो. माझी गाडी जुनी, स्लेव्ह बाहेर, गिअरबॉक्सच्या अंगाला. ज्यांचा स्लेव्ह बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत आहे त्यांना हे अर्धंच लागू, कारण तिथे नुसतं बघायचं म्हटलं तरी गिअरबॉक्स उतरवा, आणि ती कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा तरी स्वतःच्या खर्चाने तो उतरवायला लावला पाहिजे.

तर त्रास असा, इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकला की कर्रर्र, पहिला दामटून घालायचा, आणि इंजिन बंद केलं की सगळे गिअर अलगद पडतात. गॅरेजवाल्याने पेडल एकदा दाबलं आणि निकाल दिला, प्लेट गेली, आख्खा सेट बदला. बॉनेट उघडायचेही कष्ट नाहीत! अहो प्लेट झिजली की क्लच स्लिप होतो, रेस वाढते आणि गाडी पळत नाही. माझी तक्रार बरोब्बर उलटी, क्लच सुटतच नाहीये. वाकलेल्या प्लेटनेही असं होतं, मान्य, पण ते सगळ्यात महाग काम, ते सगळ्यात शेवटी बघायचं ना?

मग घरीच बसलो. पेडल पटापट पंप केलं की गिअर पडायचा, म्हणजे गडबड ऑईलच्या बाजूला. पण नुसती हवा धरली असेल तर पेडल स्पंजसारखं लागतं, पंप केल्यावर वर येतं आणि मग टिकतं. माझं टिकत नव्हतं. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं की थोड्या वेळाने गाडी आपली आपण पुढे सरकायची, पाय तळालाच असताना. मास्टरच्या डबीतलं ऑईल मात्र तेवढंच. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), पेडलच्या पुशरॉडच्या खाली बोट फिरवलं, कोरडं. स्लेव्हचं रबरी बूट उलटून बघितलं, तेही कोरडं. मग हातब्रेक लावून, चाकांना दगड आणि खाली स्टँड लावून भाच्याला पेडलवर बसवलं, आणि मी खाली पट्टी धरून पडलो. पेडल दाबल्यावर स्लेव्हचा रॉड बाहेर आला, आणि भाचा पाय तसाच धरून बसलेला असताना हळूहळू मागे जायला लागला. डोळ्यांना दिसत होतं. बाहेर गळती नाही आणि प्रेशर टिकत नाही, म्हणजे मास्टरच्या आतलं सील गेलंय, ऑईल त्याला वळसा घालून मागच्या मागे डबीत. किट टाकली, काम झालं.

आता टोपी. स्लेव्हच्या ब्लीड निपलवर (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) एक बोटाच्या पेरापेक्षा लहान रबरी टोपी असते. माझ्या गाडीची कुठल्यातरी महाभागाने काढून परत लावलीच नव्हती. त्यामुळे भोकात चिखल, कडेला गंज, आणि निपल जागचं हलायला तयार नाही. तोंडाच्या पान्याने त्याचे कोपरेच उडाले असते, सहा बाजूंचा रिंग पाना लावला, रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवलं, सकाळी आधी जरासं आवळून मग सैल केलं तेव्हा टक् आवाज आला आणि जीव भांड्यात पडला. मोडलं असतं तर चांगला स्लेव्ह भंगारात. टोपीपायी! आणि त्यातून जे बाहेर आलं ते काळं, रबराचे कण असलेलं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं, नवं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हमी १५५ वर येते. तरी लोक ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

अपडेट, कारण मत थोडं बदललंय. काही महिन्यांनी स्लेव्हचं बूट ओलं झालं. मास्टर नवा केला की जुना स्लेव्ह मान टाकतो असं म्हणतात, मला तो पार्ट खपवायचा धंदा वाटायचा, आता वाटतं दोन्हीच्या किट एकदमच टाकाव्यात. निदान हवा काढायचे कष्ट एकदाच. पण ह्या वेळी निपल अर्ध्या फेरीत सुटलं, बिनबोभाट, कारण मी टोपी लावली होती. कुणालाच त्याचं कौतुक नाही.

अजून एक, डबीतली पातळी थोडी खाली दिसली की लगेच काठोकाठ भरू नका. ब्रेक आणि क्लचची डबी एकच असेल तर ब्रेक पॅड झिजले की पातळी उतरते, उलट क्लच प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि ऑईल वर येतं. आणि झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑईल घाला. इंजिन ऑईलने सील फुगतात, आणि ब्रेक ऑईल बॉडीवर सांडलं तर पेंट उठतो, लगेच पाण्याने धुवा.

प्लेट अजून तीच आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तरी स्लिप होत नाही.