सोयाचे दूध की बदामाचे?

गाईचे दूध पचत नाही म्हणून पुण्यातल्या घरांत पर्यायांची चौकशी सुरू झाली, की बहुधा सोया आणि बदाम ही दोन नावे पुढे येतात. माझा कौल सोयाकडे आहे, आणि त्याचे कारण प्रथिने. गाईच्या १०० मिली दुधात ती सुमारे ३.२ ग्रॅम असतात. सोयाच्या दुधात साधारण ३ ग्रॅम भरतात, तर विकतच्या बदामाच्या दुधात बहुतांश पाणीच असल्याने अनेकदा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास राहतात. वाढत्या मुलांच्या बाबतीत हा फरक मला गंभीर वाटतो. शिवाय सोयाबीन मराठवाड्यात आणि विदर्भात पिकते.

बदामाची चव सौम्य, हे मान्य. सोयाचा उग्र वास अनेकांना सोसवत नाही. पण रात्रभर भिजवलेले दाणे सोलून उकळत्या पाण्यासोबत वाटले, तर तो बराच कमी होतो. नंतर ते दूध नीट उकळावेच लागते, कारण कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. आल्याच्या चहात दोन्ही दुधे फाटू शकतात, म्हणून गॅस बंद केल्यावर ती कोमट करून शेवटी घालावीत. कॅल्शियम आणि बी-१२ वरून मिसळले आहे का, हे मात्र दोन्हींच्या खोक्यावर वाचूनच घ्यावे.